शाईनं तारीख देणाऱ्या मॅडम

मॅडम सातवीपर्यंत शिकलेल्या. पण आदिलाबादेत त्यांना मॅडमशिवाय दुसरं काही म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. डॉक्टरीणबाई मॅडम म्हणत, भाजीवाली मॅडम म्हणे, आणि त्यांचे स्वतःचे यजमानसुद्धा दारात कोणी आलं की "मॅडमले विचारा, मले काही मालूम नाही" म्हणून पेपरात डोकं घालत.

धंदा प्लास्टिकच्या डब्यांचा. त्याला दुकान नव्हतं की पाटी नव्हती. कोणा एका बाईच्या घरी दुपारी दहा-पंधरा बाया जमवायच्या, सतरंजीवर डबे मांडायचे, झाकणं उघडून-लावून दाखवायची, ऑर्डर लिहायची, चहा प्यायचा, आणि उठायच्या आधी त्याच बायांमधून पुढच्या दोन घरांच्या तारखा पक्क्या करायच्या. याला आम्ही पार्टी म्हणत होतो. जिच्या घरी पार्टी तिला कंपनीकडून एखादा जग नाहीतर मोठा डबा भेट मिळायचा. तेव्हा आमचा जिल्हा आंध्रात होता, फोन दहा घरांत एक, करंट कधी जाईल त्याचा नेम नाही. तरी या बाईच्या महिन्याला वीस-बावीस पार्ट्या ठरल्या दिवशी, ठरल्या मिनिटाला होत. कशा होत, ते मी तीन वर्षं त्यांच्या मांडीला मांडी लावून बघितलं आणि अजून मला ते नीट सांगता येत नाही.

मी लग्न होऊन नवी आले होते. बी.एड. झालेलं, नोकरीची वाट बघत घरात बसलेली. माझं अक्षर चांगलं, म्हणून त्यांनी मला बोलावलं. मला वाटलं, बाई आता सगळा कारभार आपल्यावर टाकणार. कसलं काय. पहिल्याच दिवशी सांगितलं, "ऑर्डरी तू लिही. तारखा म्या लिहीन. तारखेच्या वहीले हात लावाचा नाही."

ती वही म्हणजे बस डेपोत असतं तसलं लांबट रजिस्टर. यजमान डेपोत टाइमकीपर होते, त्यांच्याकडूनच हा नाद लागला असावा. एका पानावर एक आठवडा. प्रत्येक दुपारपुढं घर, गल्ली, आणि एका कोपऱ्यात बारीक अक्षरात त्या घराची कुंडली. तारीख लिहायची ती निळ्या शाईनं. पेन्सिल त्यांना खपत नसे. "पेन्सिलनं तारीख देनारा मानूस मनातून आधीच पळून राह्यला असते," असं त्या म्हणत. एकदा शाईनं नाव चढलं की तारीख मुकर्रर. मग घरात पाहुणे आले, ताप आला, नवऱ्याची बदली झाली, काही झालं तरी ती बदलायची नाही. जिनं मोडली तिच्या नावावर लाल रेघ, आणि वर्षभर तिला दुसरी तारीख नाही. डॉक्टरीणबाईंनी एकदा निरोप पाठवला की आज जमत नाही, परवा या. मॅडम त्याच दिवशी तीन वाजता त्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, घंटा वाजवली, नोकराला म्हणाल्या, "म्या आली होती म्हनून सांग," आणि घरी येऊन लाल रेघ मारली. डॉक्टरीणबाई दोनदा येऊन बसल्या. रेघ तशीच राहिली.

माझे सासरे मंडल कचेरीत, म्हणजे तहसिलीत, गुमास्ते होते. जन्म त्यांचा अर्ज आणि पेशीच्या तारखांत गेला. ते म्हणत, "तुमची मॅडम कचेरीत असती त एक दरख्वास्त पडून राह्यली नसती. पन मंग लोकं बी कचेरीत पाय ठेवाले भ्याले असते."

बाजारात तेलुगू दुकानदार 'रेपु रा' म्हणतात, म्हणजे उद्या या. मॅडमच्या मते रेपु म्हणजे नाही. पार्टीत एखादी बाई तारीख विचारल्यावर "रेपु सांगते" म्हणाली की मॅडम तिच्याकडं पुन्हा बघतसुद्धा नसत. मीच मधे पडायचे, म्हणायचे, मॅडम, बाईला सासूला विचारायचं असेल. तर म्हणत, "सासूले विचारून यावं ना मंग. म्या काय तिच्या सासूची वाट पाहू?"

त्यांच्या हातात दोन घड्याळं असत. दोन्ही डाव्याच हातात, एकाखाली एक. एक बरोबर चाले, दुसरं वीस मिनिटं मागं. बाया आल्या की किती वाजले ते मागच्या घड्याळात बघून सांगायच्या, म्हणजे बाया वीस मिनिटं उशिरा आल्या तरी वेळेवर आल्या. हे त्यांचं गणित पंधरा वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मला कळलं तेव्हा मी हसले, तर म्हणाल्या, "हासतं काऊन? सगळ्यायची इज्जत राह्यली ना."

पण घड्याळं आणि शाई हे वरवरचं झालं. खरी करामत त्या कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांत होती. मावला वस्तीकडच्या गल्ल्यांत नळ कोणत्या दिवशी येतो, कोणत्या भागातला करंट दुपारी जातो, कोणत्या घरात गुरुवारचा उपास, कोणत्या तेलुगू घरात शुक्रवारी डोक्यावरून न्हाणं असतं म्हणून बाई दोनपर्यंत मोकळी नसते, हे सगळं तिथं होतं. गुडीहत्नूरच्या बाया कापूस वेचणीच्या दिवसांत घरी सापडत नाहीत. रमजानात मुसलमान मोहल्ल्यात पार्टी ठेवायची असेल तर चहा नाही, आणि मॅडम स्वतःही त्या दिवशी घोटभर पाणी पीत नसत. दोन जावांचं बोलणं बंद असलं तर त्यांना एका सतरंजीवर बसवायचं नाही, पण लागोपाठच्या तारखा द्यायच्या. "मागच्या घरी जेवढे डबे खपले त्याच्याहून चार जास्त पुढच्या घरी खपतेत," त्या म्हणत. आणि खपत. मी मोजलेत.

चूक त्यांच्या हातून एकच झालेली मला ठाऊक आहे, तीही धंद्याच्या पहिल्या वर्षी. एका तेलुगू गल्लीत त्यांनी नेमका सद्दुला बतुकम्माचा, म्हणजे त्यांच्या फुलांच्या सणाचा शेवटचा मोठा दिवस दिला. त्या दुपारी गल्लीतल्या यच्चयावत बाया फुलं रचण्यात गुंतलेल्या. घरात एकटी म्हातारी, तिला ऐकू येत नव्हतं. मॅडमनी तिच्यासमोर चोवीस डबे मांडले आणि पूर्ण दीड तास सगळा माल दाखवला. म्हातारीनं एक चहापत्तीची डबी घेतली. तेव्हापासून त्यांच्या भिंतीवर दोन दिनदर्शिका लटकत, एक मराठी आणि एक तेलुगू, आणि दोन्ही बघितल्याशिवाय शाईच्या पेनाचं टोपण निघत नसे.

एकदा आम्ही दोघी निर्मलहून माल घेऊन येत होतो. तीन वाजता आदिलाबादेत पार्टी. घाट चढून आलो आणि गुडीहत्नूरच्या अलीकडं बस बंद पडली. सव्वादोन झालेले. मी म्हटलं, आज चुकलं. मॅडमनी माझ्याकडं असं बघितलं, जशी काही मीच बस बंद पाडली. खाली उतरल्या, हात करून कापसाचा ट्रक थांबवला, डबे वर फेकायला लावले आणि मला म्हणाल्या, "चढ." बी.एड. झालेली मी, नवं लुगडं नेसून कापसाच्या गठ्ठ्यांवर. तीनला पाच कमी असताना ट्रक गल्लीच्या तोंडाशी. आमच्या दोघींच्या केसांत कापूस. घरमालकीण बघतच राहिली. मॅडम म्हणाल्या, "आज कापसाचा भाव चांगला हाये," आणि सतरंजी अंथरायला लागल्या.

त्यांचा नेहमीचा खेळ असा, की डब्यात तांब्याभर पाणी ओतायचं, झाकण लावायचं आणि डबा स्वतःच्या डोक्यावर उलटा धरायचा. त्या दिवशी धावपळीत झाकण नीट बसलं नाही. पाणी धार लागून त्यांच्या कपाळावरून, चष्म्यावरून, पदरावर. मॅडमनी डबा काही खाली घेतला नाही. सगळं पाणी वाहून जाईपर्यंत तसाच धरला. मग चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "झाकन असं लावलं त असं होते. आता कसं लावाचं ते दाखवतो." त्या दिवशी विक्री नेहमीपेक्षा जास्त झाली. मी तर घरी येऊन सासूबाईंना सांगता सांगता हसून हसून लोळले. सासूबाई हसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मानूस खरा हाये."

आता सासूबाईंचं सांगायला हवं. आम्ही बौद्ध. सासूबाईंच्या तरुणपणी त्या दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जात, मग सासरे कचेरीत लागले आणि आमचं पक्कं घर झालं. सासूबाईंना मॅडमच्या पार्ट्यांचा फार शौक. माझ्या आधीपासून त्या जात. कोणाच्याही घरी गेल्या तरी उंबऱ्याजवळ बसत. बाकी बायांना चहा कपबशीत येई, सासूबाईंना काचेच्या ग्लासात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझं डोकं तापलं. घरी येताना विचारलं तर म्हणाल्या, "मले ग्लासातच आवडते. जास्त येते."

इतक्या वर्षांत आपल्या घरी पार्टी ठेवावी हे त्यांच्या मनात होतं, हे मला कळत होतं. नवी सतरंजी आणून ठेवलेली, दीड डझन कपबश्या फडताळात कागद लावून ठेवलेल्या. पण बाया आल्याच नाहीत तर? सतरंजी घालून बसायचं आणि दार रिकामं. त्याचीच भीती. मॅडमनी तारीख दिली की पार्टीच्या आठ दिवस आधी सासूबाई जाऊन सांगत, "या बारीनं राहू द्या. माहे पाय दुखून राह्यले." असं तीनदा झालं.

आणि तीनही वेळा मॅडम काही बोलल्या नाहीत. मला नवल वाटलं. डॉक्टरीणबाईंना न सोडणारी बाई आमच्या सासूला तीनदा कशी सोडते? एक दिवस मॅडम आत गेलेल्या असताना मी ती वही उघडली. होय, हात लावला. आमच्या घराचं नाव तिथं होतं, पेन्सिलीनं. खोडून पुन्हा पेन्सिलीनं. माझ्या अंगाची आग झाली. मॅडम बाहेर आल्यावर मी सरळ विचारलं, "आमच्या घराला शाई परवडत नाही का तुम्हाला?"

वहीला हात लावला म्हणून आता हाकलणार असं मला वाटलं. त्या बसल्या, चष्मा काढला. म्हणाल्या, "शाईनं लिहलं असतं त तीन लाल रेघा माराव्या लागल्या असत्या. तुह्या सासूच्या नावावर माह्या हातानं रेघ मारू?"

मी वही मिटून त्यांच्यापुढं ठेवली.

"भ्याली हाये ते," मॅडम म्हणाल्या. "भेनाऱ्याची तारीख आपुन काढाची असते."

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या दुपारी म्हणजे मॅडमच्या धंद्याचं सोनं. हळदीकुंकू असतं, बायांना वाण म्हणून छोट्या डब्या लुटायच्या असतात, त्यामुळं प्रत्येकीला त्याच दिवसांत पार्टी हवी. त्या सगळ्या तारखा मॅडम डिसेंबरात एकाच पार्टीत, एकाच दुपारी वाटत. जी हजर तिला तारीख, जी नाही ती गेली. त्या वर्षी ती पार्टी त्यांनी आमच्या घरी लावली. निळ्या शाईनं. संक्रांतीशी आमचं घेणंदेणं नाही, पण गावाचं होतं.

त्या दिवशी दीड वाजल्यापासून सासूबाई आत-बाहेर करत होत्या. मला हळूच बाजूला घेऊन म्हणाल्या, "दुकानातून थंड्या बाटल्या आन. बंद बाटलीचं पितीन त्या." मी आणल्याही. मॅडम आल्या, बाटल्यांची पेटी बघितली आणि मला म्हणाल्या, "वापस दे. चहा टाक."

बाया आल्या. चौदा जणी. त्यांत कापडवाल्या काकूही होत्या, मेन बाजारातल्या कापड दुकानाच्या मालकीणबाई. दर संक्रांतीला शे-दीडशे डब्या एकट्या घेत आणि संक्रांतीनंतरचा पहिला शुक्रवार त्यांचाच असे. माल दाखवून झाला. मी आणि सासूबाईंनी कागदातल्या कपबश्या काढून चहा दिला.

पार्टीचा क्रम ठरलेला होता: आधी माल, मग चहा, मग वही. इतकी वर्षं तो कोणाला बोचला नव्हता. आता चौदा कप चौदाजणींपुढं, आणि कोणीच उचलेना. एक जण म्हणाली, आत्ताच जेवून आले. एक जण पदराचं टोक बघत राहिली. मॅडमनी वही मांडीवर ठेवली, पेनाचं टोपण लावलेलं, आणि भिंतीकडं बघत बसल्या. चहावर साय धरायला लागली. मला सासूबाईंकडं बघवत नव्हतं.

मग शाळेतली तेलुगू पंतुलम्मा, म्हणजे बाई मास्तर, तिनं कप उचलला. एक घोट घेतला आणि सासूबाईंना विचारलं, "अल्लम घातलं का?" सासूबाईंना एवढं तेलुगू कळत होतं. म्हणाल्या, "हो, अद्रक घातली." मग दुसरीनं उचलला, मग तिसरीनं. काहींनी डोळे मिटून औषधासारखा घेतला, तेही मी बघितलं. पण घेतला. काकूंनी नाही.

"माहा उपास हाये," काकू म्हणाल्या.

"आज बुधवार हाये, काकू," मॅडम म्हणाल्या.

"असन. मले चहा नाई चालत."

"मंग वही बी चहाच्या नंतरच उघडते. तुमाले मालूम हाये."

काकू उठल्या, चपला घातल्या आणि गेल्या. शे-दीडशे डब्या आणि त्यांच्या ओळखीची पाच-सहा घरं त्यांच्यामागं जाऊ शकत होती, हे त्या खोलीत प्रत्येकीला कळत होतं. मॅडमनी टोपण काढलं आणि तारखा वाटायला सुरुवात केली. पहिला शुक्रवार दोघींनी मागितला. तो त्यांनी कोणाला दिला नाही, रिकामा ठेवला.

जाताना त्यांनी जे केलं ते बघून मी थक्क झाले. वही सासूबाईंच्या हातात दिली. "म्या उद्या निर्मलले चालली माल आनाले. कोनी आलं त तारीख तुमी द्या."

"मले नीट लिहता येत नाई," सासूबाई म्हणाल्या.

"नाव त लिहता येते ना. बस."

काकू दुसऱ्याच दिवशी सकाळी अकराला आल्या, एकट्या, मागच्या गल्लीतून, डोक्यावर पदर ओढून. येणारच होत्या; वही आमच्याकडं आहे हे मॅडमच्या यजमानांनी दारातूनच सांगितलेलं. हळदीकुंकवाचं आमंत्रण त्यांनी अख्ख्या बाजारात आधीच करून ठेवलेलं. सासूबाईंनी त्यांना बसवलं. मी कोणी न सांगता आत जाऊन गॅस पेटवला. खरं सांगते, मला आनंद झाला होता. आता पी म्हणावं, कपानं पी, बशीनं पी, आणि मी समोर उभी राहून बघते. तेवढ्यात बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "सूनबाई, गॅस बंद कर."

मी दारात आले. सासूबाईंनी वही उघडली होती. पेन घट्ट धरून एकेक अक्षर काढत त्यांनी पहिल्या शुक्रवारपुढं काकूंचं नाव लिहिलं. वेळ लागला. काकू त्या हाताकडं बघत बसल्या होत्या.

"चहा..." काकू म्हणाल्या.

"राहू द्या," सासूबाई म्हणाल्या. "तारीख झाली तुमची. या."

काकू थोडा वेळ बसून राहिल्या. मग गेल्या.

संध्याकाळी मॅडम निर्मलहून थेट आमच्याकडं. वहीचं पान बघितलं. "काकू आली होती? चहा घेतला?"

"नाई."

"म्हनजे तुमी देल्ला, आन् तिनं नाई घेतला?"

"म्या देल्लाच नाई."

मॅडमचा चेहरा उतरला. "बाई, म्या माही सगळ्यात मोठी गिऱ्हाईक जाऊ देल्ली. कोनासाठी? आन् तुमी तिले फुकट तारीख देल्ली."

सासूबाई एरवी मॅडमपुढं मान वर करून बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या. "तुमचे उपकार हायेत माह्यावर. पन माह्या घरचा चहा म्हनजे काई दंड नोहे, मॅडम. तारखेसाठी कोनाच्या गळ्यात कायले वतू? ज्याले प्यावा वाटन त्यानं प्यावा."

मॅडमनी वही पुन्हा उघडली. वहीवरच्या त्या वाकड्यातिकड्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "पंधरा वर्सं झाले तारखा देऊन राह्यली. हे मले नाई सुचलं."

पुढच्या पार्टीपासून त्यांनी क्रमच बदलला: आधी माल, मग वही, आणि चहा सगळ्यात शेवटी. जिला जायचं तिनं तारीख घेऊन जावं. आदिलाबादेत दुसऱ्या कोणाचं ऐकून त्यांनी नियम बदलल्याचं मला माहीत नाही. डिसेंबरातली पार्टी त्यानंतर दरवर्षी आमच्याच घरी शाईनं लागली. मला नोकरी लागली तरी त्या दिवशी मी रजा टाकायचे. नव्या क्रमाच्या पहिल्या वर्षी तारखा वाटून झाल्यावर निम्म्या बाया उठून गेल्या. सासूबाईंनी उरलेल्यांना चहा दिला. दुसऱ्या वर्षी चार-पाचच उठल्या. काकू दोन्ही वर्षी तारीख घेऊन पहिल्यांदा उठणाऱ्यांत. मॅडम कोणाला बसा म्हणाल्या नाहीत, सासूबाईही नाहीत.

तिसऱ्या वर्षी काकूंनी शुक्रवार घेतला, पिशवी गुंडाळली, आणि बसून राहिल्या. सासूबाई ट्रे घेऊन आल्या. कोणाकडंही वेगळं न बघता त्यांनी एकेक कप देत देत एक कप काकूंपुढं ठेवला. मॅडम वहीत डोकं घालून बसल्या होत्या, पण त्यांचं पेन चालत नव्हतं. काकूंनी कप उचलला, घोट घेतला, आणि म्हणाल्या, "साखर कमी हाये, बाई."

सासूबाई आत गेल्या आणि साखरेचा डबा घेऊन आल्या.